कूलरचं पाणी आणि करवतकाठी शाल

आमच्या प्रयोगशाळेत एसी नव्हता, कूलर होता. माझ्या पीएचडीचं जे काय झालं ते एवढ्या एका वाक्यात सांगून होतं. पण लोकांना एका वाक्यात पटत नाही, त्यांना सविस्तर लागतं, आणि सविस्तर सांगायला बसलं की माझा आवाज चढतो. आई म्हणते, सोड आता तो विषय. विषय मी कुठे सोडला, तो माझ्या हातातून काढून घेतला, हे तिला मी किती वेळा सांगू?

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास आहेत तोवर मी कॉलेजची, सुट्ट्या लागल्या की कोणाचीच नाही. स्टाफरूममध्ये मला खुर्ची आहे, पण कपाट नाही. पीएचडी झाली असती तर कायम होण्याच्या रांगेत निदान उभं तरी राहता आलं असतं. म्हणून मी दूरच्या एका शहरातल्या मोठ्या संस्थेत नाव नोंदवलं आणि तिथले एक नावाजलेले प्राध्यापक माझे मार्गदर्शक झाले. प्रयोग आपल्याच कॉलेजात करायचे, नमुने त्यांना पाठवायचे आणि बोलावतील तेव्हा जाऊन दाखवायचे, असं ठरलं.

ही बातमी मी बाबांना सांगितली तेव्हा ते मागावर होते. आमचं घर कोष्ट्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम करणारं. त्यांनी आडवा धागा नेणारा धोटा थांबवला.

"डॉक्टर होशीन, पन सुई नाही देता येनार. अशीच डॉक्टर ना?"

"हो, तशीच."

"बिनसुईची," असं म्हणून ते पुन्हा विणायला लागले. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीत जो भेटेल त्याला धरून सांगत सुटले की आमची बाई डॉक्टर होऊन राहिली.

काम होतं दोन प्लास्टिकांच्या मिश्रणातून काचेवर अतिशय पातळ, नक्षीदार फिल्म बनवण्याचं. ऐकायला जड वाटतं, पण करायला तितकं जड नाही. एक पॉलिमर थर्माकोल ज्याचं बनतं तो, आणि दुसरा दुकानांच्या ॲक्रिलिक पाट्यांचा. दोघांना एकाच द्रावकात विरघळवायचं आणि त्याचा थेंब गरगर फिरणाऱ्या काचेवर सोडायचा. द्रावक उडून जायला लागला की या दोघांचं पटेनासं होतं. नासलेल्या दुधासारखे ते एकमेकांपासून वेगळे होतात, फक्त हे नासणं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं. मग दुसऱ्या एका द्रावकाने थर्माकोलवाला तेवढा धुऊन काढायचा. मागे राहतो ॲक्रिलिकचा थर, सगळीकडे बारीक बारीक छिद्रं असलेला. ही छिद्रं प्रकाशाच्या लहरीहून लहान जमली तर काचेवरून उजेड परत फिरत नाही, आरपार जातो. चष्म्याला, कॅमेऱ्याला, सोलर पॅनेलला अशी काच हवी असते. छिद्रं मोठी झाली की काच दुधाळ होते आणि तिचा काही उपयोग राहत नाही.

काच फिरवायचं यंत्र कॉलेजकडे नव्हतं. मी एका जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधली मोटर काढली, तिच्यावर दुहेरी टेपने काच चिकटवली आणि भोवती स्टीलचा डबा ठेवला, थेंब उडू नयेत म्हणून. विभागप्रमुखांनी त्याचं नाव ठेवलं 'मॅडमचा मिक्सर'. चटणी कधी देता, असं जो तो विचारून जायचा. मीही हसायचे, कारण कायम नसलेल्या माणसाला हसावंच लागतं.

पहिली चांगली फिल्म झाली ती भर मे महिन्यात. परीक्षा संपल्या होत्या, कॉलेज रिकामं होतं आणि खिडकीतला कूलर धडधडत होता. आमच्या शिपाईकाकांनी सकाळीच बादल्यांनी त्याची टाकी भरली होती, गवताच्या जाळ्या ओल्या केल्या होत्या आणि वर मला सांगितलं होतं, "मॅडम, गारेगार करून देल्लं तुमाले." धुतलेली काच मी वाळवली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. अर्ध्या काचेवर फिल्म होती, अर्धी कोरी होती. कोऱ्या अर्ध्यात छतावरची ट्यूबलाइट चमकत होती. फिल्मच्या अर्ध्यात ट्यूबलाइट नव्हतीच, नुसती खालची अक्षरं होती, तुमसरच्या एका राइस मिलच्या जाहिरातीची. मी काच उचलून पुन्हा ठेवली, फिरवून ठेवली. तेच दिसलं. मग मोबाइलवर तिचा फोटो काढला.

घरी येऊन काच बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती दाराच्या उजेडात तिरपी धरली, अंगठा जपून कडेला ठेवला, कापड पाहावं तशी पाहिली.

"इथं तर काचच नाही," ते म्हणाले.

पुढे माझ्या कामाबद्दल मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या सभांत बोललेलं मी ऐकलं. यापेक्षा चांगलं कोणी बोललं नाही.

त्या उन्हाळ्यात मी एकामागून एक फिल्म केल्या आणि सगळ्या चांगल्या उतरल्या. नमुने पाठवले, सगळी कृती मोजमापांच्या आकड्यांसकट लिहून पाठवली, तो फोटोही पाठवला. सरांचा फोन आला. "वा मॅडम, तुम्ही तर कमाल केलीत." त्यांनी मला बोलावून घेतलं, दोन ज्येष्ठ प्राध्यापकांसमोर करून दाखवायला. मी साडी नेसून गेले. आईने दही-साखर दिली. 'मिक्सर' टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि रेल्वेत बसले. तिथे त्यांच्याकडे यंत्र होतं, पण मला माझ्या मोटरीची सवय होती.

तिथल्या प्रयोगशाळेत शिरताच अंगावर काटा आला इतका एसी. हवा कोरडी, ओठ फुटतील अशी. मी थेंब सोडला, काच फिरली, मी धुतली, वाळवली. काच दुधाळ निघाली. पुन्हा केलं, पुन्हा दुधाळ. त्यांच्या यंत्रावर केलं, तरी तेच. ज्येष्ठांपैकी एक घड्याळ पाहायला लागले. सरांचा एक विद्यार्थी, जो माझ्याहून वयाने बराच लहान होता, कोपऱ्यात भिंतीला टेकून बघत होता.

"मॅडम, तुमच्याकडे लाइट असते ना?" सर म्हणाले. "नाही, लाइटच नसेल तर परावर्तनही नसणार." सगळे हसले. विद्यार्थी हसायचा सगळ्यात शेवटी थांबला.

नंतर केबिनमध्ये त्यांनी आवाज हळू केला. हळू आवाज मला जास्त लागतो. "हे आकडे तुम्हीच घेतलेत ना? म्हणजे घेतलेत, की जमवलेत?"

मी म्हणाले, "सर, घेतले." आणि 'मिक्सर' टॉवेलात गुंडाळायला लागले, याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो. परत येताना वरठीला, आमच्या स्टेशनवर, उतरले तेव्हा दादा प्लांटमधली ड्यूटी करून मोटारसायकल घेऊन थांबला होता. माझं तोंड पाहून त्याने नुसता टॉवेलातला डबा घेतला आणि पेट्रोलच्या टाकीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले ती हट्टाने. तीच द्रावणं, तीच मोटर, तीच मी. काच दुधाळ निघाली. आता मात्र घाबरले. आपल्यालाच भास होत होता की काय, असं वाटायला लागलं. पुन्हा केली, पुन्हा तेच. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. मी वैतागून कूलरकडे पाहिलं. पंखा फिरत होता आणि गरम हवा फेकत होता. काकांना हाक मारली.

"पानी टाकाचं राहून गेलं ना मॅडम," ते म्हणाले. "नळच नाही आले आज. टाकतो आता, बोरिंगवरून आनतो."

ते बादली घेऊन गेले आणि मी स्टुलावर बसले. माझ्या घरात उन्हाळ्यात माग सुरू करण्याआधी खाली जमीन शिंपडतात आणि खिडकीला ओलं पोतं लावतात. कोरड्या हवेत कोशाचा धागा तुटतो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक, पोतं ओलं करण्याचं काम माझंच होतं. माझ्या दोन पॉलिमरांपैकी एकाला पाणी थोडंफार चालतं, दुसऱ्याला मुळीच चालत नाही, हेही मला ठाऊक होतं, वर्गात शिकवत होते. हवेतली ओल द्रावणात उतरणार आणि दोघांचं फाटणं तीच बदलणार, हे समोर दिसत असून मी पाहिलं नव्हतं. काकांनी टाकी भरली, जाळ्या भिजल्या, खोलीला तो ओल्या गवताचा वास आला. मी थेंब सोडला. काच स्वच्छ निघाली.

माझ्या कृतीत द्रावण किती, वेग किती, वेळ किती, सगळं होतं. कूलर नव्हता. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात कूलर चालू होता असं लिहायचं म्हणजे डोक्यावर छप्पर होतं असं लिहिण्यापैकी आहे. इथला कोणीही लिहिणार नाही.

मी सरांना फोन केला. अगदी लहान मुलीसारखी एका दमात सगळं सांगितलं. ते खूप वेळ हसले. "कूलर? अहो, कूलर?" मग म्हणाले, "बरं, नीट लिहून पाठवा." मी बाजारातून हवेतली ओल मोजायचं साधं मीटर आणलं. जाळ्या ओल्या, जाळ्या अर्ध्या ओल्या, खिडकी उघडी, खिडकी बंद, असं करून करून ओलीप्रमाणे छिद्रांचं माप कसं बदलतं ते बाहेरून मोजून आणून सगळं काढलं. पावसाळ्यात हवा फारच ओली होते तेव्हा फिल्म वेगळ्या तऱ्हेने बिघडते, तेही काढलं. सगळं पाठवलं. त्यानंतर सरांचं उत्तर यायचं, "बघतो." मग, "गडबडीत आहे." मग तेही येईना.

अशात आमच्या कॉलेजात चर्चासत्र ठरलं आणि प्राचार्यांच्या मनात आलं की उद्घाटनापासून समारोपापर्यंत प्रमुख पाहुणे म्हणून माझ्याच सरांना बोलवावं. सर लगेच हो म्हणाले. मला वाटलं, आता समोरासमोर बोलणं होईल, प्रबंधाचं मार्गी लागेल. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दर वेळी ऑफिसच्या कपाटातल्या त्याच त्या मशीनच्या शाली देतो आपण. तुमच्या गुरूंना कोसा देऊ. घरचाच."

बाबांना सांगितलं. त्यांनी हातातलं लुगडं बाजूला ठेवून उभ्या धाग्यांचा ताणा नवा लावला. लुगड्याला असतो तसा करवतकाठ शालीला काढायचा त्यांनी ठरवलं. तो काठ करवतीच्या दातांसारखा असतो. तीन धोट्यांनी, दर फेऱ्याला धाग्यात धागा अडकवून विणावा लागतो, आणि एक दात चुकला की सगळा काठ वाकडा दिसतो. आई म्हणाली, शालीले कोनी करवतकाठ लावते का? बाबा म्हणाले, "कोनी लावत नसीन. बाईले डॉक्टर करनारा मानूस आहे तो." दिवसभर घरात मागाचा आवाज. मधेच मला बोलावून काठ दाखवत. "पाय. हाये का एक तरी दात लहान-मोठा?" नव्हता.

चर्चासत्राच्या दिवशी पुष्पगुच्छ मीच दिला. सर मला म्हणाले, "कशा आहात?" आणि उत्तर ऐकण्याआधी पुढे गेले. मग त्यांचं भाषण सुरू झालं. पडद्यावर एक स्टीलची पेटी आली, आत ओल हवी तेवढी राखणारी. मग आलेख आला, ओलीप्रमाणे छिद्रांचं माप. त्याचा चढ आणि पुढचा उतार मला पाठ होता. आणि मग माझा फोटो आला. अर्धी काच चमकती, अर्धी नाहीशी, आणि खाली तुमसरच्या राइस मिलची जाहिरात. सभागृहात हशा पिकला. "अरे, आपला पेपर," मागून कोणी म्हणालं. सर पण हसले आणि म्हणाले, हे आमच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी. खाली शोधनिबंधाचा मथळा होता आणि दोन नावं. एक त्यांचं, दुसरं कोपऱ्यात टेकून उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याचं. शेवटच्या पडद्यावर आभार होते, त्यात नमुन्यांसाठी आमच्या कॉलेजचं नाव होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य मागे वळून माझ्याकडे पाहून मान डोलवत होते, बघा, आपलं नाव आलं म्हणून.

जेवणाच्या वेळी मी त्यांना गाठलं. ते वांग्याची भाजी वाढून घेत होते.

"सर, ते ओलीचं काम माझं होतं."

"निरीक्षण तुमचं होतं, मॅडम," ते म्हणाले. "कूलर चालू होता हे काही विज्ञान झालं का? नियंत्रित परिस्थितीत आम्ही ते सिद्ध केलं. ते विज्ञान."

"मग माझा प्रबंध?"

"आता हा विषय छापून आला. त्यात नवीन काही उरलं नाही. दुसरा विषय घ्या, सोपा बघून देतो. तुम्हाला काय, वेळ आहे." आणि त्यांनी मला विचारलं की ठेचा आणखी कुठे ठेवला आहे.

मी दाखवला. मी ठेचा कुठे आहे ते दाखवलं, हे लिहिताना आत्ताही माझी कानशिलं तापतात.

समारोपाच्या सत्काराचं तबक माझ्याकडे होतं. मी ऑफिसात गेले. बाबांची शाल तबकात घडी करून ठेवली होती, करवतकाठ वर दिसेल अशी, घडी त्यांनीच घातलेली. मी ती उचलून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टाकली. कपाट उघडलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतल्या शालींपैकी एक काढली, घाऊकातली, पिवळसर, चकचकीत, जरीसारखी पट्टी असलेली. तबकात नारळाशेजारी ठेवली आणि मंचावर नेली.

प्राचार्यांनी ती त्यांच्या खांद्यावर घातली. सरांनी तिच्यावरून हात फिरवला आणि माइकवर म्हणाले, "भंडाऱ्याच्या कोशाची सर कशालाच नाही. स्पर्शातच कळतं." जन्मभर पॉलिमर शिकवलेल्या माणसाला अंगावरचं पॉलिस्टर कळलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

बाबा ओट्यावरच बसले होते, धुतलेला सदरा घालून.

"आवडली का त्यायले? काठ पायला का त्यायनं?"

 पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि तिच्या तोंडातून शालीचा कोपरा बाहेर आला होता. बाबांना आपला धागा पाठमोराही कळतो. ते उठले आणि त्यांनी शाल बाहेर काढली.

"परत काहून आली?"

मी सगळं सांगितलं. फोटो, आलेख, दोन नावं, वांग्याची भाजी. कपाटातल्या शालीचंही सांगितलं, मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. शाल हातात धरून ऐकत राहिले.

"एवढा मोठा मानूस," ते शेवटी म्हणाले. "तुया कूलरचं कायले घेईन तो?"

"घेतलं बाबा."

"मले वाईट वाटू नये म्हनून सांगून राहिली तू." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "त्यायनं नाही घेतली, तर नाही घेतली. तसं सांग."

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, अहो, बाई खोटं कायले बोलीन? बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते शाल घेऊन दाराच्या उजेडात गेले, उंबऱ्यावर बसले, काठ मांडीवर पसरला आणि एका टोकापासून दातांवर अंगठा फिरवायला लागले. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, बाबा, काठात काही खोट नाही, शपथ घेऊन सांगते. ते म्हणाले, "थांब जरा."

हा विषय गेला, दुसरा मी घेतला नाही. कॉलेजात अजून तासिकाच घेते, आणि मे महिन्यात काका अजून कूलरची टाकी भरतात. ती शाल आमच्याच घरी आहे. कधी दुपारी माग थांबवून बाबा ती काढतात, उंबऱ्यावर बसतात आणि काठ पाहतात.